भावजींच्या दोरीवरच्या पिना

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याएवढा गंजाचा जिवाभावाचा वैरी देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत शोधून सापडायचा नाही. आमचे भावजी कुणाच्या घरी गेले, तर आधी माणसं बघत नाहीत, बिजागऱ्या बघतात. पुतण्यासाठी मिठबावला मुलगी बघायला गेलो होतो आम्ही. मुलगी गोड, माणसं मोकळी, पोह्यांवर खोबरं कसं भरभरून! आणि भावजी फाटकापाशीच अडकलेले, नखानं पापुद्रा उचकटून बघतायत. मुलीचा बाप हात जोडून "येवा, बसा" म्हणाला, तर हे म्हणतात, "बसतंय मगे. ह्या बिजागरीक रंग कोणी मारलो?" त्या बिचाऱ्याला वाटलं, रंग आवडला. हौसेनं म्हणाला, "मीच!" पुढचा अर्धा तास तो काय ऐकत होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. लग्न जमलं म्हणा, कारण ते भावजींच्या हातात नव्हतं.

तारकर्लीत आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये दगडांचा एक गडगा, आणि पुढ्यात समुद्र. भावजींचं दुरुस्तीचं दुकान मालवणच्या जेटीजवळ. होड्यांची इंजिनं, जाळं ओढायचे विंच, सगळं त्यांच्याकडे येतं. खारं वारं इथे लोखंड पापडासारखं खातं. बाकीचे मिस्त्री त्या गंजावर पोट भरतात. आमचे भावजी त्याच्याशी भांडत बसतात.

हे भांडण लागलं ते बाबल्यापायी. बाबलो म्हणजे त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, स्वतःची होडी हाकणारा तांडेल. त्याच्या विंचची, ओढीचा सगळा भार पेलणारी अंगठ्याएवढी पोलादी पिन भावजींनीच रंगवून दिली होती, आरशासारखी लख्ख. वरून लख्ख, आणि आत रंगाखाली गंज तिला खात बसलेला. भर समुद्रात पिन तुटली, दोर सुटला आणि बाबल्याची दोन बोटं घेऊन गेला. बाबल्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. उलट भावजींना म्हणाला, "बोटां माजी गेली मरे, तुजी झोप कित्याक गेली?" पण भावजींनी मनाशी ठरवलं, की पावसाळा काढील असा लेप सापडेपर्यंत बाबल्याला पिन द्यायची नाही आणि त्याच्या होडीवर पाय ठेवायचा नाही. बाबलो आपला बाजारच्या पिना घालायचा आणि सारख्या बदलायचा.

तेव्हापासून बहिणीच्या अंगणातली सुक्या मासळीची दोरी पिनांच्या ताब्यात गेली. प्रत्येक पिनेला वेगळा लेप: एकीला जस्ताचा रंग, एकीला तांबडा प्रायमर, एकीला होडीच्या लाकडाला लावतात तसं काजूच्या टरफलाचं तेल. वाऱ्यावर त्या किणकिणायच्या. कावळे यायचे, मान वाकडी करून बघायचे आणि निराश होऊन उडून जायचे. ते टरफलाचं तेल भावजींनी घरीच कढवलं, तर वाफेनं तोंड असं सुजलं, की सख्खी बहीण माझी, दारात बघून म्हणाली, "कोण होया?" सूज उतरेपर्यंत भावजी एका डोळ्यानं पिना तपासत होते. पण पावसाळा संपला, की लेपाला फोड यायचे आणि फोडाखालून तांबडं पाणी. लगेच भावजी नवं मिश्रण कालवायला बसायचे. खचले असं कधी दिसले नाहीत.

मग एका वर्षी चतुर्थी जवळ आली. चाकरमानी यायचे म्हणून बहिणीनं घर धुऊन काढलं, आणि तिची नजर दोरीवर गेली. दारातच गंजकी तोरणं! तिनं पिना उतरवल्या, बालदीभर आमसुलाच्या पाण्यात दुसऱ्या दिवसापर्यंत बुडवून ठेवल्या, मग राख आणि नारळाचं सोडण घेऊन अशा घासल्या, की गंज, लेप काही म्हणून शिल्लक राहिलं नाही. उन्हात कडकडीत वाळवून ओळीनं टांगल्या.

भावजी आले ते पायरीवरच बसले.

"वर्साचो गंज माजो... खंय गेलो गो?"

"व्हाळात. देव येतले घरात, लाज नाय?"

"अगो, त्येच्यावरसून माका कळाक होया होता!"

"मगे परत चढवा. पाऊस काय पळान जाता?"

मी गडग्याच्या अलीकडे तोंडाला पदर लावून उभी. गंज गेला म्हणून रडवेला झालेला माणूस मी तेवढा एकच पाहिलाय. पण संध्याकाळच्या आत त्यांनी त्याच पिनांना तेच जुने लेप पुन्हा चढवले, चतुर्थीच्या गडबडीत, मोदकांच्या वासात.

पुढचा अख्खा पावसाळा त्या पिनांनी खाल्ला. फक्त टरफलाच्या तेलवाल्या पिनेला फोड नाही, डाग नाही. भावजींनी नखानं खरवडलं, खिळ्यानं खरवडलं; लेप हलेना. तेल तेच, वारा तोच. शेवटी चुलीपाशी जाऊन विचारलं, "तू ह्यांका काय केलंस गो?"

"समयेक करतंय तसा. घासलंय."

इतकी वर्षं हा माणूस वरचा लेप बदलत होता. आधी पॉलिश पेपर मारायचा, पण लोखंडाच्या बारीक खाचांत गंज उरायचाच, आणि तो तसाच झाकला जायचा. आता आधी आमसूल, मग राख, मग ऊन, आणि लोखंड गरम असतानाच लेप. सगळ्या पिना त्यांनी तशा, त्याच तेलाच्या करून, पुन्हा एक पावसाळा टांगल्या. घाई केली नाही.

मग एक पिन घेऊन ते जेटीवर गेले. होडीपाशी थबकले. बाबल्यानं उरल्या बोटांचा हात पुढे केला. "चढ मरे. होडयेन काय केल्यान तुजा?" भावजी चढले. पिन बाबल्यानं स्वतः ठोकली.

त्यानंतर होडी आली, की लोक मासळी बघायला धावत आणि भावजी पिनेवरून बोट फिरवायला. आता गुडघे साथ देत नाहीत. होडीवर चढवत नाही. संध्याकाळी ते आमच्या पुळणीवर वाळूत बसतात. मासेमारी करून मालवणकडे परतताना बाबलो होडी जरा किनाऱ्याजवळून घेतो आणि हात वर करतो. तो तीन बोटांचा हात दिसला, की भावजी कपडे झाडून उठतात आणि जेवायला जातात. कधी क्षितिजावर धुरकट असतं, हात काही दिसत नाही. तेव्हा बहीण कालवण झाकून पुळणीवर येते आणि त्यांच्याशेजारी बसते. मागे अंगणात पिना किणकिणत असतात.