अत्तरासाठी पुढे केलेला हात

खणातून आधी अत्तराची कुपी निघायची, मग पेन, मग फाइल. अकरा वर्षांत हा क्रम बदललेला मी पाहिला नाही. कापसाचा एवढासा फाया, डाव्या मनगटावर एकदा, कानामागे एकदा, आणि परत डबीत. मग बाई खुर्ची पुढे ओढून म्हणायच्या, "हं. आता कोण मेलंय, कुणाची बदली झालीय, आणा."

आमच्या सरकारी ऑफिसात त्या आस्थापनेच्या टेबलावर वरिष्ठ लिपिक होत्या. लोकांच्या रजा, बढत्या, बदल्या, पेन्शनी सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. सगळं ऑफिस त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, तेच मी इथे म्हणते. तुमच्याही ऑफिसात अशी एक असेल, जी रजेवर गेली की कुणालाच काही सापडत नाही.

मी नव्वदीच्या सुरुवातीला मुरगूडहून नोकरीला आले. पहिल्या दिवशी अंगावर मोठ्या गुलाबी फुलांची नायलॉनची साडी, मानेला पावडरचे पट्टे, डोक्याला चमेलीचं तेल आणि वर ताजा गजरा. आपण शहरात शोभून दिसतोय असं मला वाटत होतं. बाईंनी मान वर केली, एकदा श्वास घेतला आणि विचारलं, "पोरी, एकटीच आलीयास, का बाजार घिऊन आलीयास?"

सगळी शाखा हसली. मी रडणाऱ्यातली नाही. दुसऱ्या दिवशी गजरा आणि चमेली घरी ठेवून आले. बाई एवढंच म्हणाल्या, "आता माणूस दिसाय लागलं."

त्यानंतर त्यांनी मला हळूहळू हाताशी घेतलं. सुती साडीला कांजी किती द्यायची, ती दोरीवर कशी झटकून घालायची, खांद्याची पिन आतून कशी लावायची म्हणजे साहेबांपुढे फाइल धरताना पदर सरकत नाही, हे सगळं मी माझ्या आईकडून नाही, बाईंकडून शिकले. सुवासांचं त्यांचं गणित ठरलेलं. उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना, पावसाळ्यात केवडा, तोही नखाएवढा. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीतल्या अत्तरवाल्याकडे त्या मला घेऊन गेल्या होत्या. त्याने माझ्यासाठी गुलाब काढला, तर बाईंनी कुपी बाजूला सारली. "हिला नको. ही आधीच लई बोलती. हिला वाळा दे."

आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारख्या त्या 'मी आलो', 'मी गेलो' असंच बोलायच्या, साहेबांशीसुद्धा. आणि त्यांचं नाक म्हणजे दुसरं हजेरीपत्रक होतं. एक कारकून चार दिवस तापाने आजारी असल्याचा अर्ज घेऊन आला. बाईंनी अर्ज वाचला, त्याच्या शर्टाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं की ताप गुलाबपाण्याचा होता का. मेव्हण्याचं लग्न त्याने तिथल्या तिथं कबूल केलं. अर्ज मात्र त्यांनी फाडायला लावला नाही, किरकोळ रजेचा करून घेतला.

पुढे काळ बदलला. मी पंजाबी ड्रेस घालून गेले त्या दिवशी निम्म्या ऑफिसने मान वळवून पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि म्हणाल्या, "डावा खांदा उतरलाय. शिंप्याला दाखव." ड्रेसबद्दल त्यांचं तेवढंच मत. नवी मुलं बगलेत फवारे मारून यायला लागली, तेव्हा त्यांनी एकाला विचारलं, "कामाला आलाईस का डास माराय?"

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण बाई कपड्यांच्या आणि वासाच्या बाबतीत एवढ्या काटेकोर का, हे एकदा डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. त्या शिरोळकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. आई मोलमजुरी करायची आणि ज्यांच्याकडे कामाला जायची त्यांची जुनी लुगडी नेसायची. "लुगडं कितीबी धुवा," बाई म्हणाल्या, "त्याला त्यांच्याच घरचा वास. आईच्या कुशीत झोपलं तरी वास दुसऱ्याच्या घरचा." पहिल्या पगारात त्यांनी आईला कोरं लुगडं घेतलं आणि स्वतःला अत्तर.

त्याच दिवशी दुसरी गोष्टही सांगितली. आमच्या ऑफिसात संक्रांतीनंतर बायकांचं हळदीकुंकू व्हायचं. बाई नोकरीला लागल्या तेव्हा ते करणाऱ्या ज्येष्ठ बाईंना त्यांनी सांगून टाकलं होतं की कुंकू आम्ही लावत नाही, राग मानू नका. त्या ज्येष्ठ बाई बरं म्हणाल्या, कुंकवाचं ताट पुढे नेलं आणि मागून अत्तरदाणी घेऊन आल्या. बाईंचा हात धरला, पालथा केला आणि अत्तर लावलं. बाहेरच्या कुणी आपला हात असा धरलेला तो पहिलाच, असं बाई म्हणाल्या. "त्या दिवशी मी ह्या ऑफिसातला झालो. त्याआधी नुसता पगार घेत हुतो."

पुढे दरवर्षी तसंच चालायचं. कुंकू लावणारी बाईंच्या खुर्चीपुढून निघून जायची, अत्तर लावणारी थांबायची. कुणी त्यावर बोलायचं नाही.

त्या ज्येष्ठ बाई निवृत्त झाल्या आणि हळदीकुंकू माझ्याकडे आलं. कुणीतरी करायला हवं होतं आणि मी पटापट कामं उरकते अशी माझी ख्याती होती. ऐन वेळी, आमच्याकडे नव्याने बदलून आलेल्या एक सहकारी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्यांच्यात हे चालत नाही हो. उगीच पुढ्यात जाऊन उभं राहू नका, त्यांनाच अवघड होतं." डब्याच्या वेळी ऐकलेलं सगळं मला ठाऊक होतं. तरी मला ते सोयीचं वाटलं. बायका चाळीस, मी एकटी, साहेबांनी अर्धा तास दिलेला. मी हळद, कुंकू, अत्तर एकाच ताटात घेतलं. एका फेरीत काम संपेल असा हिशेब.

बाई रांगेत शेवटून दुसऱ्या होत्या. मोतिया रंगाची, जांभळ्या काठाची कांजी केलेली साडी. मी जवळ आले तसा त्यांनी हात पुढे केला. पालथा. मी हसले, पिशवीतून वाणाची प्लॅस्टिकची साबणदाणी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पुढच्या बाईच्या कपाळाला कुंकू लावलं.

हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याच हाताने त्यांनी मांडीवरच्या निऱ्या सारख्या केल्या.

मी हे पाहिलं होतं. नव्हतं पाहिलं असं मी आज म्हणू शकत नाही. फेरी पूर्ण केली, तिळगूळ वाटला, ताट धुऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खणातून पेन निघालं आणि मग फाइल.

त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या नाहीत. तेवढं केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्या बिलं समजावून सांगत होत्या, चुका दाखवत होत्या, माझ्या डब्यातली भाजीही घेत होत्या. फक्त त्यांच्या टेबलाशी गेलं की कागद आणि धूळ, एवढाच वास. आठवड्याभरात शिपायांच्याही ध्यानात आलं. बाईंना सर्दी आहे का, असं एकाने मला विचारलं.

मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. हिनाची कुपी आणली आणि त्या यायच्या आधी त्यांच्या टेबलावर ठेवली. दुपारी ती माझ्या टेबलावर होती. खाली दाबून ठेवलेली चिठ्ठी, फाइलवर शेरा मारायच्या त्याच अक्षरात: 'आवश्यकता नाही. परत.'

शेवटी एक दिवस रेकॉर्ड रूममध्ये आम्ही दोघी एक जुनं सर्व्हिस बुक शोधत होतो. मी पायऱ्यांच्या लाकडी घोड्यावर चढलेले, त्या खाली उभ्या. वरूनच मी विचारलं, माझ्यावर रागावलात का.

त्यांनी हातातलं रजिस्टर झटकून जागेवर ठेवलं. मग म्हणाल्या, "कुंकू नको, हे मी म्हटलं हुतं. अत्तर नको, हे तू म्हटलंस."

मी एक पायरी खाली उतरले. मी म्हटलं, "बाई, चुकलं माझं."

"व्हय. चुकलं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "आता त्या वरच्या फळीवरचं गाठोडं काढ. त्यात आसंल."

त्यातच होतं.

मे महिन्याच्या अखेरीस त्या निवृत्त झाल्या. शाल, नारळ, साडी, साहेबांचं भाषण, सगळं रीतसर झालं. बाई दोन वाक्यं बोलल्या. एकात सगळ्यांचे आभार मानले, दुसऱ्यात ज्यांची सेवापुस्तकं अपुरी आहेत त्यांनी ती वेळेत पूर्ण करून घ्यावीत असं सांगितलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, "चलतो मी," म्हणाल्या. मी मुद्दाम जवळ उभी होते. वाळ्याचे दिवस होते. पण साडीला कांजीचा वास आला, बाकी काही नाही.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू माझ्याकडेच होतं. मी ताटं वेगळी केली आणि पहिल्या खुर्चीपासून प्रत्येकीला विचारायला लागले, "काय लावू?" वेळ दुप्पट लागला. पण मला जे कळलं ते एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं. दोघी-तिघी म्हणाल्या, फक्त अत्तर. ज्यांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला होता त्या म्हणाल्या, अत्तर नको, माझं डोकं चढतं, आजवर सगळीकडे निमूट लावून घ्यायचे. आमच्या शिपाई मावशी विधवा. दरवर्षी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या राहायच्या, आपला नंबर नाही हे धरूनच. त्यांना विचारलं तर त्यांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाल्या, "इचारतीयास न्हवं? मग सगळंच लाव की."

त्यानंतर बाई मला एकदाच भेटल्या, दोनेक वर्षांनी, कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर. डिसेंबरची सकाळ होती. मी मुरगूडच्या गाडीची वाट पाहत होते. त्या दिसायच्या आधी मला हिनाचा वास आला. वळून पाहिलं तर शिरोळच्या फलाटावर बाई. करड्या रंगाची कडक साडी, केस पूर्ण पांढरे, पिशवी पायाशी.

मी जाऊन शेजारी बसले. घरचं, मुलांचं, गुडघ्यांचं बोलणं झालं. हळदीकुंकू आता कसं करते ते मी सांगितलं. शिपाई मावशींचं ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बघ, ती माझ्याआधीपास्नं हुती तिथं."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पुन्हा लावायला लागलात ते बरं झालं, बाई. माझ्यामुळं सोडलंत म्हणून मला वाईट वाटायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्या दिवशी पाहिलं होतं तसं नाही. समजावून सांगायला लागतंय याचं थोडं नवल वाटल्यासारखं.

"सोडलं कुठं?" त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर लावत हुतो की. रोज. ऑफिसात तेवढं लावत नव्हतो."

मी त्यांची पिशवी उचलली, तेवढ्यात शिरोळची गाडी लागली. गर्दी होती. बाईंनी एका हाताने निऱ्या वर धरल्या, दुसऱ्या हाताने पिशवी माझ्याकडून घेतली आणि कुणाचा आधार न घेता चढल्या. खिडकीतून त्या आत सरकताना दिसल्या. एका अनोळखी बाईने पोराला मांडीवर घेऊन त्यांना जागा करून दिली. बाई बसल्या, पदर सारखा केला.

गाडी मागे घेतली जात होती तेव्हा त्या अनोळखी बाईने मान वळवली, एक खोल श्वास घेतला आणि हसून बाईंना काहीतरी विचारलं. बाई तिला सांगायला लागल्या.