गेटवर उतरवलेल्या बांगड्या

वसई पूर्वेला आमचं पॅकिंगचं युनिट आहे, तिथे मी सुपरवायझर. माझं काम टेबलाचं, मशीनला हात लागत नाही. तरी सकाळी गेटवरच बांगड्या उतरवून डब्याच्या पिशवीत टाकते. मीच किणकिणत फिरले तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं सांगू? एकदा एकीची बांगडी रोलरमध्ये ओढली गेली होती. मनगट थोडक्यात वाचलं.

लग्नसराई संपल्यावर एक नवी नवरी कामाला लागली. हातभर हिरवा चुडा. "सासूबाई काढू देत नाहीत, ताई." नवऱ्याची नोकरी सुटलेली, घर हिच्या पगारावर. शेठ म्हणाले, सोमवारी चुडा दिसला तर दुसरी बाई बघा. मला शेठचा राग आला आणि सासूचा तर त्याहून जास्त.

रविवारी मनवेलपाड्याला तिच्या चाळीत गेले, मुद्दाम मोकळ्या हातांनी. दार सासूनं उघडलं. नजर थेट माझ्या मनगटावर.

"सवाष्ण ना तुम्ही? मग हात असे ओकेबोके?"

"नवरा घरी भेंडी चिरतोय. ठणठणीत आहे. मी रोज काढते, रोज घालते."

ती हसली नाही. चहाचा कप पुढे केला तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. तिचेही हात मोकळे होते. कपाळही.

"हे गेले तेव्हा बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या," ती म्हणाली. "आता हिचे हातही तसे बघू? नाही बघवणार मला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मशीनचे नियम सांगायला आले होते, ते बाजूला ठेवले. मग म्हटलं, "सकाळी ती उतरवेल. संध्याकाळी तुम्ही भरा."

"मी? माझ्या हातानं?"

"तुमच्याच."

सून ओट्यापाशी उभी होती. ती हळूच म्हणाली, "भरा ना, आई."

सोमवारी ती गेटवर थांबली आणि बांगड्या उतरवून रुमालात बांधल्या. नव्या होत्या, हिरव्याच, पण एक माप मोठ्या, सहज निघतील अशा. सासूनं आदल्या संध्याकाळीच बाजारातून आणलेल्या. मशीनवर दिवसभर नीट काम केलं. शेठ एकदा डोकावले, तिचे हात बघून पुढे गेले.

सुटल्यावर आम्ही सगळ्या गेटवर बांगड्या चढवत होतो. तिचा रुमाल तसाच हातात.

"घाल की गं," मी म्हटलं.

तिनं गाठ आणखी आवळली. "नको ताई. घरी आई वाट बघत असतील."