एकादशीचा कीस आणि रुक्मिणीअक्का

उणकलच्या तळ्याजवळ रुक्मिणीअक्का कंद विकते. तिचे माझ्यावर उपकार आहेत, म्हणून हे लिहितो. तिच्याकडे रताळी असतात, सुरण असतो आणि मरगेणसूही असतं, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कसावा. मातकट, हातभर लांब कंद. तो देण्याआधी ती प्रत्येकाला बजावते: जाड साल काढा, तुकडे पाण्यात भिजत टाका, झाकण न ठेवता भरपूर पाण्यात मऊ होईस्तोवर उकडा, ते पाणी फेका, तरीही कडू लागलं तर सगळंच टाकून द्या. एवढं ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या पिशवीत कंद पडत नाही. मागचा माणूस ताटकळला तर ताटकळला.

मला ताटकळणं जमत नाही. केशवापुरात चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. बोलायचं मी आणि ऐकायचं गिऱ्हाइकानं, ही सवय. त्या एकादशीला तिनं "अण्णा, साल..." म्हणून सुरुवात करताच मी म्हणालो, "अक्का, रताळी खाऊन केस पिकले माझे. मला नको शिकवू." तराजूतलं मरगेणसू मीच पिशवीत घातलं आणि रिक्षात बसता बसता बायकोला, शालिनीला, फोन केला, "किसणी काढून ठेव. आज साबुदाणा नको, कीस करू."

रताळ्याचा कीस कसा होतो? तुपात जिरं, मिरची, दाण्याचं कूट, दोन वाफा. शालिनीनं याचाही तसाच केला. वास असा सुटला, की पाच वर्षांची आमची नात, जिला कसला आलाय उपास, सगळ्यांच्या आधी वाटी घेऊन बसली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. "निल्री अण्णा, निल्री! थांबा!" असं ओरडत रुक्मिणीअक्का आत आली. पूर्वी ती आमच्या गल्लीत टोपली घेऊन फिरायची, त्यामुळे घर ठाऊक. पण एकादशीच्या दिवशी चपला घालून स्वयंपाकघरात! मी तोंड उघडणार, तोच तिनं नातीच्या हातातली वाटी हिसकावली आणि "गिळलंस काय गं?" म्हणत तिच्या तोंडात बोट घातलं. नातीनं भोकाड पसरलं.

"गरम होतं... मी फुंकत होते," ती हुंदके देत म्हणाली.

"कीस म्हणालात ते माझ्या डोक्यात उशिरा शिरलं," अक्का धापा टाकत होती. "दोन वाफांत हे शिजत नाही की, अण्णा. कच्च्यात विष असतंय. लेकरांना लवकर बाधतंय."

शालिनीनं कढई खाली उतरवली. "मग साबुदाणा?"

"तो कारखान्यात धुऊन, भाजून येतोय. आणि हेबी नीट उकडलं तर चांगलं बळ देतंय बघा, वैनी. नुसतं पिठूळ असतंय, म्हणून संगं दाणे, दही घ्यायचं."

कीस तिनं फेकला. उरलेले कंद स्वतः सोलले, भिजवले, उकडले, पाणी मोरीत ओतलं. तिकडे उणकलला एकादशीची गर्दी आणि तिच्या जागेवर शेजारची लिंबूवाली. दुपार कलली तेव्हा नात दह्यात कालवलेल्या मऊ फोडी मिटक्या मारत खात होती. अक्का तिच्यासमोरून हलेना.

"जा आता, धंदा बुडतोय तुझा," मी म्हणालो. खरं तर आभार मानायचे होते, पण माझ्या जिभेला ते वळण नाही.

"खाऊ दे की पुरतं," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ सत्याप्पा. आईबाप कामाला गेलेले, त्याला भूक लागली, म्हणून मीच मरगेणसू भाजून दिलं. नऊ वर्षांची होते मी. कडू हाय म्हणाला, तर मीच दटावलं, खा म्हणून. सांगणारं कोणी नव्हतं, अण्णा. अर्धंच खाल्लं होतं त्यानं, तरी वाचला नाही."

नातीनं रिकामी वाटी पुढं केली, "अजून." अक्कानं वाढलं.

मी उठलो आणि माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईच्या पाया पडलो.