तिसऱ्यांदा म्हणायला सांगितलं तेव्हा

मी ‘पानी’ म्हटलं आणि हॉल हसला.

फार मोठ्यानं नाही. पुढच्या दोन रांगांत साहेब लोक आणि त्यांच्या बायका होत्या. हसू तिथं सुरू झालं आणि मागं मागं सरकत गेलं. शेवटच्या रांगांत आमच्या लाइनवरच्या बायका. आमच्यातल्याही दोघीतिघी हसल्या. साहेब हसले की हसायचं असतं, हे कंपनीत कुणाला शिकवावं लागत नाही.

माझ्या एका हातात माइक, दुसऱ्या हातात पुस्तक. ते पुस्तक ज्यानं लिहिलं तो लेखक स्टेजवर माझ्या शेजारीच खुर्चीत बसला होता, गळ्यात हार घालून.

तोही हसला.

हे महाळुंग्यातल्या एका कंपनीत घडलं. तिथं गाड्यांचं वायरिंग तयार होतं. मी ठेकेदाराकडून लागलेली. दिवसभर बोर्डसमोर उभं राहायचं, वायरी जागच्या जागी लावायच्या, वरून टेप गुंडाळायची. परमनंटवाल्यांची टोपी निळी, आमची पिवळी. कुणाला कधीही काढता येतं ते लांबूनच कळावं म्हणून.

गाव परभणीकडं. दिवाळी झाली की आई-बाप वीटभट्टीवर जायचे, त्यांच्याबरोबर मी. सहा महिने भट्टी, सहा महिने शाळा. शाळेत एक गुरुजी होते. मला फळ्यासमोर उभं करून ‘बाण’ म्हणायला लावायचे. मी ‘बान’ म्हणायची. मग ते वर्गाला सांगायचे, यांच्या जिभेला ण चढत नाही, सात पिढ्या चढला नाही. ‘यांच्या’ म्हणजे कुणाच्या, ते सगळ्या पोरांना ठाऊक होतं. लिहिताना मात्र माझा ण कधी चुकला नाही. बारावीपर्यंत एकदाही नाही. ते गुरुजींनी कधी वर्गाला सांगितलं नाही.

पोटासाठी चाकणला आले. खोलीत माझ्यासोबत कुसुमताई, माझ्याच लाइनवरची, वयानं बरीच मोठी. चाकणात एक रद्दीचं दुकान होतं. तिथं मला ते पुस्तक सापडलं. पहिल्या पानावर लेखकाची सही, कुणाला तरी ‘सप्रेम भेट’. ज्याला भेट मिळाली त्यानं ते उघडलंही नसावं. पानं एकमेकांना चिकटलेली होती. मी उभ्या उभ्या दहा पानं वाचली. वीटभट्टीवरच्या एका बाईची गोष्ट. ती ‘व्हय’ म्हणायची, ‘न्हाई’ म्हणायची, ‘पानी’ म्हणायची. हुबेहूब माझी आई. तोवर मला वाटायचं, आई बोलते ते छापत नसतात. छापायचं म्हणजे गुरुजींचं बोलणं.

पुस्तक तीनदा वाचलं. कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं. रात्रपाळी नसली की कुसुमताईला वाचून दाखवायची. ती भाजी निवडता निवडता ऐकायची आणि म्हणायची, ह्यो मानूस भट्टीवर राहून आलाय. मलाही तसंच वाटायचं. ज्याला आमचं बोलणं एवढं नीट ऐकू येतं, त्याला आम्हीही ऐकू येत असू.

लोकांना एखादा लेखक का आवडतो, मला माहीत नाही. मला तो आवडला, कारण आईच्या बोलण्याची मला लाज वाटायची, ती त्याचं पुस्तक वाचून गेली. एवढं मोठं काम माझ्या नात्यातल्या कुणी केलं नव्हतं.

कंपनीच्या बसमध्ये वाचत असताना मला एचआरच्या मॅडमनी बघितलं. त्या निगडीला प्राधिकरणात, बंगल्यांच्या वस्तीत राहायच्या. कंपनीत मराठीचा कुठलासा दिवस साजरा करायचा होता. ‘माझा आवडता लेखक’ असा कार्यक्रम, आणि पाहुणा म्हणून नेमका हाच लेखक. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. पुस्तक हातात घेऊन खुश झाल्या.

“अगं, माझेही हेच आवडते,” त्या म्हणाल्या.

एवढ्या वाक्यावर मी चार दिवस हवेत होते. दोघींना एकच लेखक आवडतो म्हणजे आम्ही दोघी कुठंतरी एका घरातल्या, असं मला वाटलं. येडी मी.

कार्यक्रमात पुस्तकातलं एक पान मी वाचायचं ठरलं. मॅडमनी दोनदा तालीम घेतली. त्यांनी सांगितलं, बाईच्या तोंडचं बोलणं अगदी गावाकडचं म्हण, रांगडं, लोकांना ते फार आवडतं. पण मधलं लेखकाचं निवेदन शुद्ध पाहिजे. तिथं ण म्हणजे ण. मी मान हलवली. खोलीवर कुसुमताईला समोर बसवून घोकलं. पाणी, पाणी, पाणी. जीभ टाळूला लावून लावून दुखायला लागली.

पान असं होतं. भट्टीवरची बाई तापलेलं लेकरू कडेवर घेऊन एका बंगल्याच्या फाटकाशी उभी राहते. पाणी मागते. आतली बाई वरून ओतते आणि वर चार शब्द सुनावते. तेव्हा ही म्हणते, “पानी मागितलंय बाई, भीक न्हाई.”

हे वाक्य मी जीव ओतून म्हटलं. आईसारखं. हॉलमधून ‘वा’ आलं. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पदरानं डोळे टिपले. लेखकानं डोळे मिटून मान डोलावली. पुढचंच वाक्य लेखकाचं होतं. तिनं ओंजळीतलं पाणी लेकराच्या ओठांना लावलं, असं काहीतरी. मी आईच्या बोलण्यातनं अजून बाहेर आलेच नव्हते. तोंडातनं ‘पानी’ गेलं.

आणि हॉल हसला.

एका पानावर तोच शब्द दोनदा. पहिल्याला डोळे पुसले, दुसऱ्याला दात काढले. मधे एक ओळसुद्धा नव्हती.

मी थांबले. वाटलं, लेखक आता काहीतरी बोलेल. हसणाऱ्यांना दोन शब्द सुनावेल. त्याच्या पुस्तकात तो मालकांना केवढं सुनावतो. तो खरंच उठला. माझ्या हातातला माइक आपल्याकडं वळवून घेतला.

“हसू नका, हसू नका,” तो हसत हसत म्हणाला. “ही मातीतली गोडी आहे. ताई, तो शब्द पुन्हा एकदा म्हणा बरं. सगळ्यांना ऐकू द्या.”

आणि मी म्हटलं.

हे लिहिताना हात अडतोय, पण लिहिणार. मी म्हटलं. पानी. मोठ्यानं. कारण तो माझा आवडता लेखक होता आणि त्यानं सांगितलं होतं. लोक पुन्हा हसले, या वेळी मोकळेपणानं. आता परवानगी होती ना. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. मी फळ्यासमोर उभी होते आणि गुरुजींच्या गळ्यात हार होता.

“पुन्हा एकदा,” लेखक म्हणाला. “या ताईंना जरा साथ द्या.”

त्यानं स्वतःच टाळी वाजवली.

मला खाली बसलेली कुसुमताई दिसली. ती हसत नव्हती. टाळीही वाजवत नव्हती. मांडीवरची पिवळी टोपी तिनं मुठीत आवळली होती. खोलीत पुस्तक ऐकताना तिचा चेहरा असाच व्हायचा. पण तेव्हा ती पुस्तकातल्या मालकावर चिडलेली असायची.

“न्हाई म्हनत,” मी म्हणाले.

माइकमधून ते सगळीकडं गेलं. हसू एकदम बंद नाही झालं. तुकड्या तुकड्यानं थांबलं. लेखकाला वाटलं मी लाजले. तो म्हणाला, लाजायचं काय त्यात. मग मी जे बोलले ते मी ठरवलेलं नव्हतं.

“पुस्तकातली बाई पानी म्हनली तवा तुम्ही डोळे पुसले. मी म्हनले तर हसता. ती तीनशे पानांत गप पडून ऱ्हाती म्हनून आवडती व्हय तुम्हाला?”

आणि मग या माणसानं काय करावं? तो म्हणाला, वा, काय बोललात. खिशातलं पेन काढलं. खरंच काढलं. मी समोर उभी, आणि हा माझं वाक्य उतरून घेतोय.

“लिहू नका,” मी म्हणाले. “ते तुमच्यासाठी न्हाई.”

पेन हवेत राहिलं. मग ते त्यानं खिशात ठेवलं आणि मॅडमकडं वळून म्हणाला, “यांना जरा पाणी द्या.” ण अगदी स्वच्छ.

बाटली आली. मी घेतली नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं, माइक मॅडमच्या हातात दिला आणि पायऱ्या उतरून कुसुमताईशेजारी जाऊन बसले. त्यानंतर लेखक पाऊण तास वंचितांच्या वेदनेवर बोलला. टाळ्या भरपूर मिळाल्या. टोपी आवळलेला तो हात तेवढा वेळ माझ्या हातावर होता.

दुसऱ्या दिवशी लाइनवर दोघी माझ्याशी बोलेनात. तुझ्यामुळं आपल्या सगळ्यांचं नाव खराब झालं, असं त्यांचं म्हणणं. दुपारी मॅडमनी केबिनमध्ये घेतलं. समोर टाइप केलेला कागद होता. मी भावनेच्या भरात बोलले, माझ्या आवडत्या लेखकाचा अपमान करायचा हेतू नव्हता, असं त्यात लिहिलेलं. सही करायची होती. मॅडम रागावल्या नव्हत्या. त्या दुखावल्या होत्या. एवढ्या मोठ्या माणसासमोर आपण तुला उभं केलं, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. उभं केलं, हे खरं होतं. मी त्यांना विचारलं, हसले त्यांच्याकडनं पण असा कागद घेणार का. त्यांनी घड्याळ बघितलं.

मी सही केली नाही. महिना संपला आणि ठेकेदारानं मला ब्रेक दिला, म्हणजे कामावरून काढलं. सात महिन्यांनी सगळ्यांनाच देतात. माझे पाचच झाले होते.

आता मी निघोज्यात दुसऱ्या कंपनीत आहे. काम तेच, टोपी हिरवी.

काही महिन्यांनी कुसुमताईनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. लेखकाची मुलाखत. कुठल्यातरी मोठ्या सभागृहात. त्याला विचारलं होतं, वाचक तुमच्यावर एवढं प्रेम का करतात. तो सांगत होता की चाकणकडच्या एका कारखान्यात एक मजूर बाई त्याचं पुस्तक छातीशी धरून आली. म्हणाली, सायेब, तुमी माझ्या मेलेल्या आईला माघारी आनलं. आणि त्याच्या पाया पडली. ‘आनलं’ म्हणताना त्यानं आवाज बारीक केला. समोरचे लोक डोळे टिपत होते. व्हिडिओखाली हात जोडलेली चित्रं पाठवली होती लोकांनी.

माझी आई जिवंत आहे. गावात असते. कोंबड्या पाळते. गुडघे गेलेत, पण तोंड शाबूत आहे. व्हिडिओ तिला ऐकवला फोनवरून. ती म्हणाली, “मला मारून त्येचं पोट भरतंय का? मग त्येला सांग, मेले तरी पुरत न्हाई मी.”

आता मला कळलं त्याच्यावर लोक का प्रेम करतात. त्याच्या पुस्तकातली गरीब बाई बरोबर वेळेवर मरते. प्रश्न विचारत नाही. पाया पडते. वाचणारा दोन तास रडतो आणि रडून झालं की स्वतःलाच चांगला माणूस म्हणतो. यांना आमची भूक आवडते, पण नीट बांधलेली, मुखपृष्ठ घातलेली. भूक दारात आली की वॉचमन बोलवतात. असल्या प्रेमावर मी थुंकते.

मी वाचणं सोडलेलं नाही. ते का सोडू? लेखकाला नमस्कार करणं सोडलं. हल्ली पुस्तकात आमच्यातलं कुणी आलं की एवढंच बघते, हे लिहिणारा माझ्या आईसमोर बसून हे वाक्य वाचेल का. बहुतेक जण नाही वाचणार. पुस्तक मिटते.

आणि वही आणली आहे. त्यात भट्टी लिहितेय, हॉल लिहितेय, आईला कोंबड्यांसकट लिहितेय. ती मरणार नाही त्यात. कुणाला शुद्ध करायला देणार नाही. छापलं तर छापलं, नाही तर वही आहेच. कुणी आवडती लेखिका म्हणून हार घेऊन आलं तर दारातनं परत पाठवीन. हे वाचून कुणाला रडू आलं तर त्यानं आपलं आपण बघावं. मी त्याच्यासाठी लिहीत नाही.