तुमची पाळी आली!

मुलांनो, छप्पन साली भाषावार प्रांत झाले नि हैदराबाद राज्य मोडलं, तेव्हा माझी पाळी थांबली, केस गळू लागले, अंग सुजलं. हैदराबादेतल्या कोठी भागातल्या डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणत, "राज्य मोडल्याचा धसका घेतलाय."

त्यांच्या दाराशी एक आया बसे. गालात पान, आवाज भोंग्यासारखा. आम्हा मराठी बायकांशी ती हौसेने मराठी बोले. एकदा भरल्या दवाखान्यात ओरडली, "बाई, तुमची पाळी आली!"

"अगं, तीच तर येत नाहीये!" मी म्हणाले.

बायका खो खो हसल्या. आया हसली नाही. माझ्यामागून आत आली, दाराला पाठ लावून उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाली,

"अम्मा, राज तो मेरा बी टूट्या. मेरी चोटी कायकू नहीं झडी? इनकू बराबर देखो. तब तक दुसरीकू अंदर नहीं छोडती मैं."

बाईंनी माझा गळा चाचपला आणि त्यांचा चेहराच बदलला. "अहो, ही तर थायरॉईडची गाठ!"