काकूंचे ठिपके मी सरकवले

फसवणूक मी केली, फसला निलेश. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही.

खोपटच्या एसटी डेपोमागे माझं वेबसाइट बनवायचं छोटं दुकान आहे. शून्यातून उभं केलंय, घासाघीस करून. निलेश माझ्याकडे कामाला होता. डोंबिवलीच्या सुलभाकाकूंचं काम मीच आणलं. काकू ठिपक्यांच्या रांगोळ्या साध्या नोटपॅडच्या नोट्समध्ये टाइप करायच्या — टिंब, मोकळी जागा, टिंब. त्या वेबसाइटवर टाकायच्या होत्या. आता वेबपेजची खोड अशी, की सलग मोकळ्या जागा ते गिळतं, एकच ठेवतं. म्हणून नोटमध्ये रांगोळीभोवती 'हे जसंच्या तसं ठेव' अशी खूण घालावी लागते. निलेश ती न चुकता घालायचा.

पण काकूंनी त्याचं किती कौतुक करावं? तेही माझ्यासमोर — "निलेश, तुझ्या हातून ठिपका हलत नाही रे. हे तुमचे शेठ, यांना नुसता भाव करता येतो." सगळे हसले. मीही हसलो. काम कुणी आणलं होतं — ते कुणाला आठवलं?

साइट बघायला काकूंनी सोसायटीतल्या बायका जमवल्या. त्या सकाळी मी — कसं सांगू? नोट्सना हात नाही लावला. नोट्सचं वेबपेज करणारा साचा असतो. ती खूण ओळखणारी ओळ मी त्यातून काढून टाकली. सगळे ठिपके डावीकडे जाऊन चिकटले.

"अरे, माझं कमळ कुठाय?" काकू फोनवर ओरडल्या. निलेशने फॉन्ट बदलला, नोट्स पुन्हा पुन्हा तपासल्या. खुणा जागच्या जागी. साचा उघडायचं त्याला सुचलंच नाही — कारण तो मी बनवलेला. शेवटी चाचरत म्हणाला, "दादा, तू काही बदललेलंस का?" केवढ्याने खेकसलो मी त्याच्यावर! मग काकूंच्या घरी जाऊन, सगळ्या बायकांसमोर, ती ओळ परत घातली. टाळ्या घेतल्या.

निलेशने काम सोडलं. विठ्ठलवाडीला मोबाइलची कव्हरं विकतो. कुणी विचारलं तर म्हणतो, "वेबसाइटचं आपल्याला जमत नाही." हे वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं.

काकूंचा तो टोमणा अजून सलतो. पण साचा काकूंनी उघडला होता का? जाब सगळ्यांनी निलेशला विचारला. आता मला विचारा — त्याच बायकांसमोर.