माझी मॅच माझ्याशीच

आता वाट कशी लागली ते ऐका, पण मध्ये हसायचं नाही. हसलात तर चहा टाकून उठेन!

आमच्या दहिसरच्या चाळीत कॅरमचे सामने म्हणजे अण्णांची खासगी मालमत्ता. अण्णा मंडळाचे अध्यक्ष. कोण कुणाशी खेळणार ते तेच ठरवणार. त्यांच्या मुलासमोर, मिल्यासमोर, यायचं कोण? कधी चष्मा हरवलेले काका, कधी हाताचं प्लास्टर नुकतंच काढलेला पोरगा! मिल्या दरवर्षी चॅम्पियन, आणि मंडळातले बाकीचे म्हातारे माना डोलवायला.

मी कॉलेज सोडलेलं. बाबा रोज जेवताना ऐकवायचे, "काय दिवे लावलेस!" म्हटलं, यंदा मिल्याला हरवतो आणि ह्यांनाही दाखवतो. मरोळला माझा दोस्त पक्या, त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर होता, तिथे मी प्रोग्रॅम लिहायला शिकत होतो. मंडळाच्या भर मीटिंगमध्ये उभा राहिलो.

"यंदा प्रत्येक जण प्रत्येकाशी खेळेल. जोड्या कॉम्प्युटर काढेल. छापलेल्या कागदाला पेन लावायचं नाही. अण्णा, तुम्हीसुद्धा नाही!"

टाळ्या! बाबांनीसुद्धा वाजवल्या.

प्रोग्रॅम तो केवढा? लूपच्या पोटात लूप, म्हणजे फेरीच्या आत फेरी. बाहेरचा एक नाव धरून ठेवतो, आतला त्याच्यासमोर बाकीची नावं फिरवतो. फक्त आतल्याने धरलेल्या नावाच्या पुढून सुरुवात करायची असते. मी दर वेळी यादीच्या पहिल्या नावापासून केली. आणि यादीत पहिलं नाव कुणाचं? अर्थात माझं! कागद न वाचता छाती काढून फळ्यावर डकवला.

सकाळी मिल्या दारात. "काय रे, मी तुझ्याशी खेळायचं, मग परत तू माझ्याशी? आणि तुझी पहिली मॅच तुझ्याशीच?"

धावत अण्णांकडे गेलो. "चुकलंय, खोडा ते."

"पेन लावायचं नाही," अण्णा गोड हसले. "तूच म्हणालास ना?"

"अहो, माणूस स्वतःशी कसा खेळणार?"

"ते कॉम्प्युटरला ठाऊक. खेळला नाहीस तर स्पर्धेतून बाद."

आणि बाबा? म्हणे, "खेळ की. एवढं शिकलायस!"

बाद झालो तर मिल्याला हरवणार कोण? बसलो. सगळी चाळ गोळा, पंच अण्णा. एका स्टुलावरून मारायचं, हुकलं की उठायचं, बोर्डाला वळसा घालून समोरच्या स्टुलावर बसायचं. मागून पोरं ओरडतायत, "ए, तिकडच्याला पावडर दे!"

राणी भोकाच्या तोंडाशी आली. शॉट हुकला. वैतागून ओरडलो, "गाढवा, डोळे फुटले काय तुझे?"

शिट्टी!

"प्रतिस्पर्ध्याला शिवी," अण्णा म्हणाले. "बाद."

"अण्णा, प्रतिस्पर्धी मीच आहे!"

"मग माफी माग त्याची. त्याने माफ केलं तर चालेल."

आणि मी, शप्पथ सांगतो, समोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघून म्हणालो, "सॉरी यार."

अण्णांनी मान तिरकी करून स्टुलाकडे कान लावला. चांगला मिनिटभर.

"काही बोलत नाही तो," म्हणाले. "बाद!"